शून्य मोजता येत नाही

आचल सिस्टरने रोलची चिकटपट्टी ओढली, चर्र आवाज झाला, आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. थांबा, कोणी हलू नका, असं सांगताना जातो तसा. कोणाला थांबवत होतो देव जाणे. खोलीत आम्ही तिघंच. पलंगावर बाबा, त्यांच्या पायाशी वाकलेली सिस्टर, आणि खिडकीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत मी. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो डोक्यावरून फिरवला आणि खाली घेतला. हात फिरवावा इतके केसही आता राहिले नाहीत. सिस्टरने पट्टी दातांनी तोडली, गॉजवर दाबली आणि विचारलं, "झालं बाबाजी, दुखलं का?" बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही हे तिलाही कळलं नाही, मलाही नाही. ती ट्रे उचलून गेली. मागे औषधाचा वास राहिला, आणि त्याच्या खालून दुसरा एक वास, ज्याच्याबद्दल सकाळपासून आम्ही दोघांनी चकार शब्द काढला नव्हता. खिडकीच्या कट्ट्यावर कोळशाची काळी भुकटी साचली होती. चंद्रपुरात ती सगळीकडेच साचते, दवाखान्यात का साचू नये?

तो आवाज माझ्या संसाराहून जुना आहे. मी बंगळूरला संशोधन करत होतो तेव्हाचा. आमच्याकडे एक काळा स्फटिक असायचा, करंगळीच्या नखाहून लहान, बिस्मथ, तांबं आणि आणखी काय काय घालून भट्टीत वाढवलेला. अभ्रकाचे सुटतात तसे त्याचे पापुद्रे सुटतात. वरचा पापुद्रा हवेने खराब झालेला असतो, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावायची आणि एका झटक्यात ओढायची. खाली कोरं, लख्ख अंग निघतं. खरं काम निर्वात कोठीच्या आत होतं. तिथे आवाज येत नाही, हवाच नाही तर आवाज कुठला. पण त्याआधी बाहेर टेबलावर वाया गेलेल्या स्फटिकांवर इतका सराव झालेला असायचा की आत पट्टी सुटली की बाहेर आमच्या कानांना चर्र ऐकू यायचं. त्या क्षणी आमचे सर हात वर करायचे आणि सगळे श्वास धरायचे. कोऱ्या अंगाचं आयुष्य थोडं. पोकळीतही ते दिवसभरात मळतं. तेवढ्यात त्यावर उजेड पाडायचा, आतले इलेक्ट्रॉन बाहेर येतात ते कुठल्या दिशेने आणि किती जोराने येतात ते मोजायचं, आणि मळलं की नवा पापुद्रा. मी त्यात तारुण्य घातलं असं म्हटलं तर नाटकी वाटेल. पण घातलं बुवा, काय करता.

काय मोजायचो? गॅप. पुस्तकात ऊर्जा-फट वगैरे म्हणतात, मी आपलं गॅपच म्हणतो. काही पदार्थ थंड केले की वीज त्यांच्यातून काहीही अडथळा न होता वाहते, कारण इलेक्ट्रॉन जोड्या करून चालायला लागतात. जोडी मोडायची तर थोडी ऊर्जा खर्च करावी लागते. ती जेवढी लागते तेवढी गॅप. जुन्या पदार्थांत, शिसं घ्या, ती सगळ्या दिशांना जवळपास सारखी. आमच्या काळ्या स्फटिकात मात्र ती दिशेप्रमाणे बदलते. एका दिशेला भरपूर, तिथून वळत गेलात की कमी, आणखी कमी, आणि कर्णांच्या चार दिशांना शून्य. कागदावर काढली तर चार पाकळ्या. बस्स, एवढा आकार. या आकाराच्या पायी शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडली. या पदार्थांना उच्च तापमानाचे म्हणतात, आणि उच्च म्हणजे किती, तर शून्याखाली दीडशे-पावणेदोनशे अंश. हे मी क्लासमध्ये सांगतो तेव्हा पोट्टे खो खो हसतात, कारण बाहेर तुकूम वस्तीच्या रस्त्यावर डांबर वितळत असतं. मी आता कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. गॅप त्यांच्या परीक्षेला नाही. तरी दरवर्षी एखादा कुठूनतरी वाचून येतो आणि विचारतो, "सर, थ्या जोड्या म्हणजे नवरा-बायकोसारख्या काय?" वर्ग खिदळतो आणि माझं डोकं सणकतं. अरे, इलेक्ट्रॉन आहे तो, त्याला इलेक्ट्रॉन राहू द्या ना! कशाला सगळ्याचं लगीन लावता? मग दिवसभर घसा दुखतो. हल्ली मी ओरडतही नाही. बोर्डावर पुढचं गणित घालतो.

सकाळी डॉक्टर स्पष्ट बोलून गेले होते. साखरेने पायाची बोटं काळी पडली आहेत, विष वर चढतंय, घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल, उद्याच. थांबलो तर बाबा दिवाळी बघणार नाहीत. आणि म्हणाले, "पेशंट शुद्धीत आहे, त्यांचं स्वतःचं हो पाहिजे. तुमचं चालणार नाही. संध्याकाळच्या राउंडला विचारीन." हे सगळं बाबांच्या समोरच. बाबांनी पाय पाहिला, डॉक्टरांना पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून ते आणि भिंत. माझ्यासमोर अख्खा दिवस पडला होता आणि काम एकच, त्यांच्या तोंडून हो काढणं. जगात दुसऱ्या कोणाच्याही तोंडून मी काढलं असतं. क्लासच्या मालकाकडून सुट्टी काढतो, पोरांच्या बापांकडून फी काढतो. पण वामनराव मेश्रामांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे किती जोर लावावा लागतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि सगळा जोर लावून झाल्यावर माणूस किती थकतो तेही.

मी मासोळीपासून सुरुवात केली. दरवेळी तिथूनच करतो. आम्ही ढिवर, सिंदेवाहीकडचे मासेमार. बाबांचं आयुष्य तलावात कमरेएवढ्या पाण्यात गेलं. मला वाटायचं, या माणसाशी बोलायचं तर हीच एक वाट मोकळी आहे, इथे जोर लागत नाही. "बाबा, यंदा सोसायटीनं तलावात बीज कोणतं सोडलं?" भिंतीकडूनच उत्तर आलं, "असन रोहू." थोड्या वेळाने मी म्हटलं, "कटला नाही सोडला?" "मले का माहीत." आणखी थोड्या वेळाने, "पाणी आहे का पण तलावात?" आणि मला एकदम आठवलं, पाय सुजायला लागल्यापासून ते तलावावर गेलेच नाहीत. दोन पावसाळे जाळं खुंटीला टांगलेलं आहे. ज्याचा पाय तोडायचा आहे त्याला मी पाण्याबद्दल विचारत बसलो होतो. वा रे फिजिक्स!

या अशा चुकीला आमच्या धंद्यात एक जुनी परंपरा आहे. त्या काळ्या स्फटिकाची एक कड सरळ असते, लांब, दिसायला स्वच्छ. नवा माणूस ती कड धरून स्फटिक बसवतो. त्याला वाटतं, बाहेरून कड जशी आहे तशीच आतली तांबं-ऑक्सिजनची रांग असणार. पण ती तशी नसते. आतली रांग त्या कडेला तिरपी असते, बरोबर अर्ध्या काटकोनात. मग होतं काय, जिथे शून्य असेल म्हणून बघायला जावं तिथे गॅप सगळ्यात मोठी भेटते. आमच्या सरांनीसुद्धा ही चूक केली होती, सगळेच एकदा करतात, आणि मग चहा पिताना सगळे हसतात. मी हसायचो. इथे या खुर्चीत मला हसू आलं नाही. मी बाबांना कुठली कड धरून बसवलंय, एवढाच विचार आला, आणि तोही दमून गेला.

आई होती तोवर हे सगळं जाणवायचं नाही. तिचं, बायनाबाईंचं, तोंड म्हणजे आमच्या घरातली सगळी वीज होती. बाबा तिला सांगायचे, ती मला सांगायची. "तुहा बाबा म्हणते, स्वेटर घेऊन जा." "तुहा बाबा इचारते, पोरीचं नाव काय ठेवलं?" बाबा तिथेच बाजेवर बसलेले असायचे, हाताच्या अंतरावर, आणि तरी ते वाक्य आईवरून वळसा घालून यायचं. मीही तसाच वळसा घालायचो. आई, बाबांना विचार, शेव घालून भाजी चालेल का. आता आई गेली आणि वळसा घालायला काही राहिलंच नाही. फोनवर बाबा "हाव" म्हणतात, मी "बरं" म्हणतो, आणि दोघंही कोण आधी ठेवतो याची वाट बघत राहतो. रुपालीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, ते बोलतात. तिच्याशी सांडगे, शेजारीण, सरकार, सगळं बोलतात. मी आत आलो की दोघांचं बोलणं कमी होतं. हे मी अनेकदा पाहिलंय आणि प्रत्येकदा पुन्हा बाहेर जाऊन चप्पल नीट ठेवल्यासारखं केलंय.

बाबांनी मला एकदाच मारलं. आमच्या आळीतली माणसं हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात, टेम्पोत बसून, भांडीकुंडी घेऊन. एका वर्षी लच्छूकाका हंगाम अर्ध्यावर टाकून एकटाच परत आला. आमच्या दारात उभा राहिला. तोंड उतरलेलं, हातात एक गाठोडं. आईने त्याला पाणी दिलं, ताट वाढलं. भात आणि मासोळीचं कालवण. सगळे त्याच्याभोवती बसले आणि पावसाचं, धानाचं, कोणाच्या म्हशीचं बोलत राहिले. मी मधेच विचारलं, "काका, तुम्ही काऊन वापस आले?" बाबांचा हात असा आला की कानात शिट्टी वाजली. मग बाहेर नेऊन हळूच म्हणाले, "वापस आलेल्या मानसाले इचाराचं नाई. त्याच्यावर का बीतली आपल्याले माहीत नाई. त्याले वाटन तवा थो सांगन." लच्छूकाकाने कधीच सांगितलं नाही. कोणी म्हणालं मुकादमाने मारलं, कोणी म्हणालं चोरीचा आळ आला. पण तोंडावर विचारलं कोणीच नाही. तो मरेपर्यंत नाही. आमच्या आळीची ती रीत होती, आणि मला ती फार थोर वाटायची.

मी परत आलो तेव्हा मूल गावाहून लाल बसने आलो. एक पत्र्याची पेटी, आणि खिशात फिल्मच्या डबीत एक स्फटिक. सर निवृत्त झाले होते. कोठीतली हवा काढणारा पंप बंद पडला होता, तो दुरुस्त करायला वरून पैसा आला नाही, आणि दरम्यान कुठल्याशा थंड देशातल्या लोकांनी माझीच गॅपची वक्ररेषा माझ्याहून बारीक मोजून छापली. एवढीच गोष्ट. यात कोणी वाईट नव्हतं, कोणाशी भांडण नव्हतं. डॉक्टरेट तेवढी अपुरी राहिली. दारात उभा राहिलो तर आईने पाणी दिलं. ताट वाढलं. बाबा समोर बसले आणि म्हणाले, "पाऊस बरा झाला यंदा." मी वाट पाहिली. आज विचारतील, उद्या विचारतील, इतकी वर्षं काय करत होतास, काय शोधत होतास, सापडलं का. कोणी विचारलं नाही. मला फार लागलं ते. रडूच आलं होतं खरं तर, मोरीत जाऊन रडलो. माझ्या आयुष्याची एवढी वर्षं या घराला एका प्रश्नाच्याही लायकीची वाटली नाहीत, असं मनात बसलं, आणि बसलं ते बसलंच. मग मीही सांगितलं नाही. चंद्रपुरात क्लास पकडला, लग्न केलं, फ्लॅट घेतला. फिल्मची डबी कपाटात आहे. वर मळ चढला असेल. चढणारच.

दुपारी रुपालीचा फोन आला, शाळेच्या मधल्या सुट्टीतून, मागे पोरांचा गलका. "मामाजी काही बोलले?" "नाही." "तुम्ही बोलले?" "मासोळीचं बोललो." ती म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं म्हणजे ना... त्यांना मासोळीचं काय विचारता? मला तर ते नेहमी तुमचंच विचारतात." "माझं काय?" "हेच. जेवला का, झोपला का, डोकं दुखते का त्याचं. मी म्हणते त्यांनाच विचारा ना मामाजी. तर म्हणतात, नको पोरी, राहू दे." घंटा झाली आणि तिने फोन ठेवला. मी तो कानाला तसाच धरून राहिलो. राहू दे म्हणजे काय? मला राग आला, आणि राग आला की मला हल्ली झोप येते. खुर्चीत मान पडली.

जाग आली ती बाबांच्या आवाजाने. ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं आणि बाबा भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे तोंड करून होते.

"मघा थ्या पोरीनं पट्टी ओढली, तवा तू हात काऊन वर केला?"

"काही नाही. असंच."

"असंच नाई. तू दचकलास."

मी म्हटलं, बंगळूरला आम्ही अशी पट्टी ओढायचो, सवय आहे हाताला. वाटलं संपलं. पण ते म्हणाले, "कायले ओढत होते?" आणि उशीवर कोपर टेकून जरा उठले. मग मी वर्गातली युक्ती काढली. "असं समजा बाबा, तलावात मासोळ्या जोडीजोडीनं पोहून राह्यल्या..."

"मासोळीचं राहू दे रे. मासोळी मले माहीत हाय. तुहं सांग."

माझे कान गरम झाले. पोरांवर सणकणारा मी, आणि बापासाठी इलेक्ट्रॉनच्या मासोळ्या करत होतो. मग मी जसं आहे तसं सांगायला लागलो. स्फटिक, पापुद्रा, थंडी. "किती थंडी?" त्यांनी विचारलं, आणि मी आकडा सांगितल्यावर "अरे बाप्पा!" म्हणून पहिल्यांदा हसले. खालचे दोन दात गेलेत त्यांचे, मला माहीतच नव्हतं. मी चादरीवर बोटाने फुली काढली, तिच्याभोवती चार पाकळ्या काढल्या. जोडी मोडायला इकडे इतका जोर लागतो, इकडे वळलं की कमी, आणि या तिरप्या रेषेवर आलं की काहीच नाही. त्यांनी स्वतःचं बोट त्या रेषेवर ठेवलं. बोट जाड, नखं फुटलेली, जाळ्याच्या दोरीने पडलेला जुना व्रण.

"इथी काहीच नाई?"

"काहीच नाही."

"मोजलं का तू?"

"शून्य मोजता येत नाही बाबा. आमच्या मशीनला यापेक्षा कमी दिसत नाही, एवढंच म्हणता येतं."

"मंग हाय म्हणून कसं म्हणता?" ते जरा चिडूनच म्हणाले. मला मजा वाटली. इतक्या वर्षांत हे कोणी मला चिडून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, या पाकळीत गॅपचं चिन्ह अधिक आहे आणि या शेजारच्या पाकळीत उणे. अधिकावरून उण्यावर जायचं तर मधे कुठेतरी शून्य लागणारच. त्यांनी बोट एका पाकळीतून दुसरीत नेलं, पुन्हा मागे आणलं. "लागन," म्हणाले. "लागनच." मग बोट तिथेच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकं चांगलं काम होतं तं हाकललं काऊन तुले?"

"कोणी हाकललं?"

"थ्याइनं. बंगलोरच्या लोकाइनं."

"मला कोणी हाकललं नाही."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, भीतीच म्हणायची. "मंग तू वापस काऊन आलास? पेटी घेऊन, इतकंसं तोंड करून? मी समजलो, पोरगं काहीतरी करून आलं. पैशाचं असन, पोरीचं असन, कोणी आळ घेतला असन. बायनाले मी सांगतलं, इचारू नको त्याले. वापस आलेल्या मानसाले इचाराचं नाई. त्याले वाटन तवा सांगन. बायना मरतपर्यंत म्हणे, मी इचारतो एकडाव. मी नाई म्हटलं."

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. "पंप बंद पडला होता बाबा," असं काहीतरी म्हणालो. "पंप बंद पडला, सर रिटायर झाले, बस्स, अजून काही नाही." आणि हे बोलताना हसायला लागलो, आणि हसता हसता ते भलतीकडेच गेलं. मी चादरीत तोंड घातलं, त्या पाकळ्यांवरच. त्या थोर रीतीचं ताट माझ्याच पुढे वाढलं होतं, भात आणि मासोळीचं कालवण, आणि मी ते ओळखलं नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांची लाज राखत बसलो होतो, आणि लाज कुठे होतीच नाही. आई बिचारी एकदा विचारू का, विचारू का करत गेली. आईचं मात्र मला सहन होईना. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून होते. केस नसलेल्या जागी त्यांचा तळवा खरखरीत लागत होता. "पंप," ते स्वतःशीच म्हणाले. "पंपासाठी."

मग मी तोंड पुसून म्हटलं, "बाबा, पायाचं काय करायचं?"

"काप म्हणतो मी. पाय का कामाचा हाय आता? सडून राह्यला थो." हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की हेच ते हो, हे मला कळलंच नाही. "पन मंग मले तुह्या घरी राहा लागन. रुपाली शाळेत जाते, नात शाळेत जाते. अन् घरी तू. तू तं माह्याशी बोलत नाईस."

"मी बोलत नाही?"

"नाई तं का! मासोळी इचारतोस अन् चूप बसतोस. पाहुण्याले इचारते तसा. थ्या पलंगावर पडून मी दिवसभर का करू? त्याच्यापक्षा गावात सडलेला बरा."

दिवसभर मी त्यांच्या बाजूने जोर मोजत होतो. माझ्या बाजूने कोणी मोजत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. मी चादर ओढून सपाट केली आणि बोटाने पुन्हा फुली काढली. म्हटलं, मघा ही एक दिशा सांगितली, अजून तीन राहिल्या आहेत. बाबा म्हणाले, "मंग सांग ना, वाट कोनाची पाहतोस?" मी दुसरी सांगितली. तिसरी सांगितली. ते प्रत्येक ठिकाणी बोट नेऊन बघत होते. स्फटिक कडेने बसवायच्या चुकीवर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी द्यावं लागलं.

तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आले, मागे आचल सिस्टर ट्रे घेऊन. डॉक्टरांनी घाईतच विचारलं, "काय वामनराव, काय ठरलं मग?"

बाबांनी उजवा हात वर केला.

"थांबा डागदर. पोरगं सांगून राह्यलं. त्याचं होऊ द्या, मंग का कापाचं थे कापा."

डॉक्टर दारातच थांबले. सिस्टर त्यांच्या मागे थांबली. कोणी हललं नाही. "हं," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "चौथी सांग." चौथी अगदी पहिल्या तीन दिशांसारखीच असते, त्यात नवं काही नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी सांगायला लागलो.